वाघाचा डावा गाल

घर भाड्यानं देण्याआधी लोक भाडेकरूची नोकरी विचारतात, गाव विचारतात, आडनावावरून जमेल तेवढं ताडून घेतात. सरांनी माझी मोटारसायकल पाहिली. फाटकाबाहेर येऊन त्यांनी पुढची नंबरप्लेट वाचली, मागे जाऊन मागची वाचली, आणि दोन्हींवर एकच नंबर साध्या सरळ अक्षरांत आहे याची खात्री झाल्यावर म्हणाले, "या. चहा घेऊ."

आधीच्या भाडेकरूला त्यांनी नंबरप्लेटवरूनच काढलं होतं, हे मला मागाहून काकूंकडून कळलं. त्या पोरानं आपल्या गाडीचे आकडे रंगाऱ्याकडून असे काही वळवून घेतले होते की वाचणाऱ्याला 'दादा' असं दिसावं. "चांगला मुलगा होता हो," काकू म्हणाल्या. "माझ्या कुंड्यांना पाणीसुद्धा घालायचा. पण हे म्हणाले, जो स्वतःच्या गाडीचा नंबर खोटा लिहितो, तो उद्या माझ्या भिंतीवर काय लिहील सांगता येत नाही."

केडगावातल्या त्या घरात सगळ्याला नंबर होता. फाटकाला होता, पाण्याच्या टाकीला होता, फावड्याला आणि शिडीला होता. हिरव्या रंगावर पांढरे, मध्ये मध्ये तुटलेले आकडे, लष्करी गाड्यांवर असतात तसे. "नंबर नसलेली मी एकटीच," काकू म्हणायच्या. "तेवढी सूट आहे मला."

सर चित्रकलेचे शिक्षक होते. नगरच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर मुलांना बाटल्या, मडकी आणि वांगी काढायला लावली. पण त्यांचा जीव रणगाड्यांत होता. वडील नगरच्या लष्करी छावणीत कारकून होते. महायुद्धाच्या काळातल्या तिथल्या गाड्यांच्या फोटोंच्या प्रती त्यांनी घरी जमवलेल्या, आणि सरांचं बालपण त्या फोटोंवर भिंग धरण्यात गेलं. रणगाडा दिसायला कसा, तोफ किती लांब, यात त्यांना रस नव्हता. ते त्याच्यावरच्या खुणा बघायचे. पुढच्या पत्र्यावर एका बाजूला पलटणीचा आकडा, दुसऱ्या बाजूला ज्या मोठ्या दलाचा ती पलटण भाग असेल त्याचं चित्र, कडेला गाडीचा स्वतःचा नंबर. "गाडी म्हणजे लोखंड," ते म्हणायचे. "लोखंड सगळं सारखं. ती कुणाची होती, कुठे होती, कुणाबरोबर होती, ते खूण सांगते. खूण गेली की उरतं ते भंगार."

आमच्या जिल्ह्यात सैन्यातून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. शिपाई म्हणून गेलेला, स्वयंपाकी म्हणून गेलेला, गावात पाऊल टाकताच मेजर होतो आणि मरेपर्यंत बढतीशिवाय मेजरच राहतो. सरांना रणगाड्यांभोवती घुटमळताना पाहून कुणीतरी त्यांनाही मेजर म्हणे. त्यावर त्यांचा चेहरा उतरत असे. "मी सैन्यात एक दिवसही नव्हतो," ते थांबून, पूर्ण वाक्यात सांगायचे. "मी ड्रॉइंग मास्तर आहे." मेजर म्हणवून घ्यायला ज्याला लाज वाटते असा नगर जिल्ह्यातला मला भेटलेला हा एकमेव माणूस.

आकडे काढायचे साचे ते एक्स-रेच्या फिल्ममधून कापायचे. फिल्म पातळ, चिवट, रंगानं फुगत नाही. त्यामुळे ओळखीपाळखीत कुणाचा हात मोडला, कुणाच्या छातीत कफ झाला की सर भेटायला जायचे आणि विचारपूस झाल्यावर जरा घुटमळायचे. घरच्यांना वाटे, केवढी आस्था! मग सर हळूच म्हणत, "बरं वाटल्यावर ती फिल्म तुम्हाला लागणार नसेल ना?" त्यांच्या कपाटात अख्खी गल्ली टांगलेली होती. सातचा आकडा कुणाच्या तरी मांडीच्या हाडातून कापलेला, शून्याच्या भोवती फासळ्या. एकदा शेजारचे निवृत्त तलाठी आपला गुडघा ओळखून म्हणाले, "सर, हा माझा." सर म्हणाले, "तुमचाच. आता चार आहे तो."

वर्गातलं त्यांचं एक वाक्य नगरमधली तीन पिढ्यांची माणसं अजून सांगतात. मुलं कप काढताना तोंड गोल काढतात आणि बूड सरळ, कारण कप टेबलावर सपाट बसतो हे त्यांना ठाऊक असतं. सर वहीवर झुकून म्हणायचे, "दिसतं तेवढंच काढ. माहीत आहे म्हणून काढू नकोस." हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार आवडलं. माझा धंदा बातमीदाराचा. उद्घाटनं, सत्कार, पायाभरणी, पुन्हा त्याच जागी पायाभरणी, हे माझं खातं. दिसतं तेवढंच लिहायचं ठरवलं असतं तर माझी प्रत्येक बातमी चार ओळींत संपली असती. सर मला नावानं कधी हाक मारत नसत. "काय पत्रकार," ते म्हणायचे, "आज कुणाच्या शुभहस्ते?"

एका तालुक्याच्या गावी चौकात जुना रणगाडा बसवलेला आहे. प्रजासत्ताक दिनाच्या आधी तो रंगवायची तिथे प्रथा आहे. चौकातली रेलिंग, कारंजं आणि रणगाडा यांना एकाच डब्यातला ऑईलपेंट लागतो. त्या वर्षी उत्साह वाढला आणि तोफेच्या बुरुजावर वाघ आला. खाली नगरसेवकांचं नाव, त्यांच्या दोन भावांची नावं, आणि शुभेच्छुक. सर मला मागे बसवून, स्वतःच्या स्कूटरवर, फक्त तो वाघ बघायला तिथे गेले. नगरसेवक भला माणूस होता. चहा सांगून म्हणाला, "वाघ कसा जमलाय सर? मुद्दाम पुण्याचा पेंटर आणलाय."

"वाघ उत्तम आहे," सर म्हणाले. "पण तो कुणाचा?"

"म्हंजे?"

"म्हणजे या गाडीवर जी माणसं होती, त्यांची खूण वेगळी होती. ती खाली आहे. तुमच्या वाघाच्या पोटात."

"आता सर, ती माणसं काय बघायला येणार हायेत का?"

सर चहा न घेता उठले. परतीच्या वाटेवर म्हणाले, "येणार नाहीत म्हणूनच." मी ते वाक्य लक्षात ठेवलं, बातमीत घालण्यासारखं नव्हतं.

या सगळ्यावरून सर मोठे तत्त्वनिष्ठ वगैरे वाटतात. होतेच. पण तत्त्वनिष्ठ माणसाच्या शेजारी बसायला जागा कमी असते. काकूंच्या बहिणीनं स्वतः विणलेला स्वेटर त्यांना दिला आणि विचारलं, "कसा झालाय?" सरांनी सांगितलं कसा झालाय. ती बहीण पुन्हा केडगावला आली नाही. सरांना यात आपलं काही चुकलं असं वाटलं नव्हतं. विचारलं, सांगितलं. न दिसणाऱ्या गोष्टी त्यांना दिसत नसत, ही त्यांची ताकद होती, आणि राहुरीच्या त्या गाडीपाशी तीच आडवी आली.

राहुरीच्या पलीकडे, मुळा धरणाच्या अंगाला एक वस्ती आहे. तिथे चिंचेखाली युद्धकाळातली एक छोटी, उघड्या टपाची, चेनवर चालणारी लष्करी गाडी पडून होती. रणगाड्याचं धाकटं भावंड म्हणा. महायुद्ध संपल्यावर लष्करानं नको असलेला माल डिस्पोजलमध्ये विकला, तेव्हा वस्तीवरच्या एकानं ती आणली. काही वर्षं तिनं नांगर ओढला, उसाच्या गाड्या चिखलातून काढल्या. मग इंजिन गेलं आणि कोंबड्या अंडी घालू लागल्या. गावात तिला चेनगाडी म्हणत.

पण घरात तिला 'आबांची गाडी' म्हणत. घर आक्कांचं होतं. आक्का ऐंशी ओलांडलेल्या, ताठ बसणाऱ्या, तंबाखूची मिश्री लावून सावकाश बोलणाऱ्या. त्यांचे वडील, म्हणजे आबा, असल्याच गाडीचे चालक म्हणून महायुद्धात इटलीला गेले. आक्का तेव्हा पाळण्यात होत्या. आबा परत आले नाहीत. तार आली, माती आली नाही. त्यानंतर काही वर्षांनी चुलत्यानं ही गाडी वस्तीवर आणली आणि धावत आलेल्या पोरीला उचलून आत बसवत म्हणाला, "ही तुझ्या आबाची गाडी." त्या दिवसापासून ती तशीच. दर दसऱ्याला आक्का तिच्या पुढच्या पत्र्याला तेल आणि कुंकू लावत, झेंडूची माळ घालत आणि माळ सुकेपर्यंत काढू देत नसत. घरातल्या मुलांना परीक्षेला जाताना, मुलींना सासरी जाताना त्या गाडीच्या पाया पडायला लावत.

एका शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांचा तिच्यावर बरीच वर्षं डोळा होता. त्यांच्या कॉलेजच्या दारात त्यांना शौर्यस्मारक हवं होतं. आक्का देत नव्हत्या. शेवटी एका अटीवर कबूल झाल्या: गाडी नीट करायची, आबांचं नाव घालायचं, आणि आबांच्या पलटणीच्या खुणा होत्या तशा काढायच्या. "म्हंजी माझ्या डोळ्यांनी एकदा बघते, आन् मग न्या," त्या म्हणाल्या. खुणा म्हटल्यावर अध्यक्षांना कुणीतरी सरांचं नाव सांगितलं. अध्यक्षांना बातमी हवी होती, म्हणून मीही गेलो.

पहिल्या दिवशी आक्कांनी आबांचा फोटो आणला. पानाएवढा, पिवळा पडलेला. एक कोवळा माणूस तशाच गाडीला टेकून उभा. मडगार्डवर तांबड्या चौकोनातली पानांची खूण अर्धवट दिसत होती. रंग अर्थात सरांनी सांगितला. "एका देठाची पिवळी पानं. इटलीतल्या दलाची खूण आहे ही."

"हीच काढायची," आक्का म्हणाल्या. "गाडी तीच हाय न्हवं मास्तर?"

माझ्यासारख्या अडाण्यालाही प्रश्न पडला होता की इटलीत लढलेली गाडी राहुरीला कशी येईल. सर क्षणभर थांबले. मला वाटलं, आता सांगतात. ते म्हणाले, "खूण निघू दे. मग बोलू." मी ते सौजन्य समजलो. ते सौजन्य नव्हतं. त्यांनी अजून पाहिलं नव्हतं, एवढंच.

त्यांची काम करायची रीत बघण्यासारखी होती. गॅरेजवाले ग्राइंडर लावून एका दुपारी सगळं चकचकीत करतात. सर पाण्यात बुडवलेला पॉलिश पेपर घेऊन टिचभर जागा घासत, पुसत, भिंग लावत, पुन्हा घासत. एकेक रंगाचा थर कांद्यासारखा सुटायचा. अध्यक्ष दोनदा येऊन गेले. "सर, एवढ्या वेळात आम्ही इमारत बांधतो," ते म्हणाले. सर म्हणाले, "दिसतंच ते."

पण खूण निघेना. कडेचा पत्रा गंजून चाळणीसारखा झालेला, मागचा कुणीतरी कापून नेलेला. हाताशी फक्त तांबूस भुकटी यायची. आक्का रोज चिंचेखाली खुर्ची टाकून बसत. "निघाली का?" "नाही." "निघंल." त्या मास्तरांना ताक देत, आबांच्या गोष्टी सांगत, ज्या त्यांनी स्वतः पाहिलेल्या नव्हत्या, सगळ्या ऐकलेल्या. सर कधी नव्हे ते ऐकून घेत. मला वाटतं त्यांना आक्का आवडू लागल्या होत्या. परतताना एकदा म्हणाले, "या बाईंनी शाळेत चित्रकला घ्यायला हवी होती. काय बारकाईनं बघतात!"

शेवटी एकच जागा उरली. पुढच्या पत्र्यावर डावीकडे, तळहाताएवढी, जिथे दसऱ्याचं तेल-कुंकू लागायचं. तिथे कातड्यासारखा जाड, काळातांबडा थर बसला होता. सरांनी तो बोटानं दाबून पाहिला आणि त्यांचे डोळे चमकले. "पत्रकार, इथे गंज नाही! तेलानं गंज धरू दिला नाही. खालचा रंग असणार. जिवंत असणार."

मग ते आक्कांकडे वळले. "आक्का, हे काढावं लागेल."

आक्कांनी कुंकवाकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. "काढा की," त्या म्हणाल्या. "त्याच्याखाली आबांची पानं असतील तर काढाच."

सरांनी पातळ सुरीनं तो थर सोडवला. खाली चुलत्यानं कधीतरी मारलेला निळा रंग होता. तो घासल्यावर लष्करी हिरवा आला, आणि हिरव्यावर, अगदी काल काढल्यासारखी, एक खूण. आक्का खुर्ची सोडून शेजारी येऊन उभ्या होत्या. त्यांचा मुलगा, तोही साठीकडे झुकलेला, टोपी काढून उभा होता. खूण पानांची नव्हती. साधा चौकोन, त्यात आकडा आणि एक अक्षर.

सरांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी पुन्हा कधी पाहिला नाही. दुर्बिणीतून नवा ग्रह दिसलेल्या माणसाचा. "नगर!" ते म्हणाले. "ही आपल्या नगरच्या प्रशिक्षण तळाची खूण आहे. वडिलांच्या फोटोत हीच आहे, अगदी हीच! शिकाऊ चालकांची गाडी. ही जिल्ह्याबाहेर कधी गेलेलीच नाही. आक्का, ही तुमच्या वडिलांची गाडी नव्हे. असूच शकत नाही."

आनंदाच्या भरात त्यांनी ते दोनदा सांगितलं.

मुलगा आधी सावरला. "मास्तर, पानं रंगवून टाका ना वरनं. कुणाला काय कळतंय? म्हातारीचा जीव..."

अध्यक्षांना फोनवर कळवलं तेव्हा तेही तेच म्हणाले, जरा मोठ्या शब्दांत. भावनेला महत्त्व आहे, इतिहास काय, तज्ज्ञ बघून घेतील. सरांनी नकारासाठी तोंड उघडलं, पण त्यांना बोलावं लागलं नाही.

"नको," आक्का म्हणाल्या. "दुसऱ्याच्या गाडीवर माझ्या बापाची खूण नको. मास्तर बरोबर बोलत्यात." त्यांनी फोटो पदराला पुसला. "गाडी घिऊन जावा. आन् नाव घालू नका त्याचं. तो कुठं बसलाय हिच्यात?"

आणि त्या आत गेल्या. ताकाचा तांब्या तसाच राहिला.

त्या दिवशी सर विजयी होते. परतताना खुणेविषयी, त्या अक्षराविषयी, वडिलांच्या फोटोविषयी बोलत होते. राहुरीपर्यंत बोलले. मग अचानक थांबले. फाटकापाशी उतरल्यावर त्यांनी मला विचारलं, "तेल लागलं नसतं, तर ती खूण उरली असती का हो?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्हीच सांगितलंत."

"म्हणजे तिनंच जपली," सर म्हणाले. "एवढी वर्षं. माझ्यासाठी."

गाडी नगरला आली, तिथून कॉलेजच्या दारातल्या चौथऱ्यावर गेली. खुणेबद्दल सर अध्यक्षांकडे गेले होते. निदान नगरची खरी खूण तरी ठेवा. अध्यक्ष म्हणाले, शिकाऊ गाडीचं स्मारक कोण करतं? त्यांनी पुण्याचा पेंटर बोलावला. पुढच्या सबंध पत्र्यावर वाघ आला, जबडा उघडलेला, आणि खाली अध्यक्षांच्या तीर्थरूपांचं नाव, जे माझ्या माहितीप्रमाणे सहकारी सोसायटीच्या निवडणुकीखेरीज कुठेही लढलेले नव्हते. उद्घाटनाची बातमी मी लिहिली. सर गेले नाहीत.

मी वाट पाहत होतो की ते भडकतील. अर्ज लिहितील, वाघाचा जाब विचारतील. त्याऐवजी साचे कापायचे बंद झाले. समोरच्या मुलाचा पाय मोडला तेव्हा भेटायला गेले आणि फिल्म न मागता परत आले. काकू घाबरून मला म्हणाल्या, "यांना डॉक्टरला दाखवायला हवं."

त्यांच्या टेबलावर काचेची एक लहान बरणी आली होती. तीत तो खरवडलेला थर होता, तुकड्या-तुकड्यांत. एका दुपारी त्यांनी मला भिंगातून एक तुकडा कडेनं दाखवला. तांबडी रेघ, काळी रेघ, तांबडी, काळी. झाडाच्या बुंध्यात असतात तशा.

"हा एक दसरा," ते म्हणाले. "मध्ये वर्षभराची धूळ. हा पुढचा दसरा. मोजायचा प्रयत्न केला. खालचे मोजता येत नाहीत, एकजीव झालेत."

त्यांनी तुकडा परत बरणीत ठेवला.

"मुलांना सांगायचो ना, दिसतं तेवढंच काढ? मग मला हे का नाही दिसलं? समोर होतं. लाल होतं. त्या गाडीवर शिकाऊ पोरं बसली असतील वर्ष-दोन वर्षं. त्यांची खूण मी शोधली. आणि जी आयुष्यभर तिच्यापाशी उभी राहिली, तिची खूण सुरीनं काढली. पत्रकार, कुणाची होती ती गाडी?"

पुढच्या दसऱ्याला त्यांनी मला राहुरीला नेलं. पिशवीत झेंडू आणि आपट्याची पानं. आक्कांनी चहा दिला, सोनं घेतलं, मास्तरांच्या गुडघ्यांची चौकशी केली. सर म्हणाले, "आक्का, चला. कॉलेजवर जाऊ. रिक्षा आणलीय मी." त्यांनी ती खरंच सांगून ठेवली होती. "तेल-कुंकू तुमच्या हातचं लागू दे. ती गाडी कुणाचीही असू दे."

आक्का रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी समजुतीनं बोलल्या. "तुमी चांगलं केलं मास्तर. खोट्याच्या पाया पडत हुते, तुमी सांगितलं. पर दरसाल ह्या दिवशी मी आबांकडं जायची. आता कुठं जाऊ, ते तेवढं सांगा."

सर चिंचेखालच्या मोकळ्या जागेकडे बघत बसले. जमिनीत चेनच्या दोन चाकोऱ्या अजून उमटलेल्या होत्या, आणि कोंबड्या सवयीनं त्यांच्यामध्येच बसल्या होत्या.

त्यानंतर सर हळूहळू खचले. आजार असा विशेष नव्हता. अंथरुणाला खिळल्यावर एकदा तो पुण्याचा पेंटर त्यांना भेटायला आला. हात जोडून म्हणाला, "सर, अध्यक्ष माझ्यावर चिडलेत. वाघाच्या डाव्या गालाला रंगच धरत नाही. रेड ऑक्साईड मारला, पुट्टी भरली, तिसऱ्यांदा रंगवला. चार महिन्यांत पोपडा सुटतो. बाकी वाघ मस्त, गाल तेवढा उडतो. खाली काय आहे?"

मी सरांकडे पाहिलं. तेल मुरलेल्या पत्र्यावर रंग बसत नाही, आणि तो बसवायचा तर काय करावं लागतं, हे त्यांनी मला शंभरदा सांगितलेलं. सोड्याच्या गरम पाण्यानं धुवायचं, थिनरनं पुसायचं, मग घासायचं. शाळेतल्या बाकापासून शेजाऱ्याच्या गेटपर्यंत सगळ्यांना ते न विचारता सांगायचे.

सर छताकडे बघत म्हणाले, "काही कल्पना नाही."

पेंटर गेल्यावर काकूंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचं पहिलं खोटं ऐकलं होतं, आणि त्यांना ते कसं घ्यावं कळत नव्हतं. सरांनी कूस बदलली.

थंडीत सर गेले. काकूंनी साचे एका पेंटरला दिले. केडगावातल्या दोन दुकानांच्या पाट्यांवर आता तलाठ्यांचा गुडघा आहे. बरणी मात्र काकूंनी माझ्याकडे दिली. "हे कुठलं, मला माहीत नाही. टाकवत नाही."

मी ती घेऊन वस्तीवर गेलो. आक्का आता बाजेवरच असतात. सर गेल्याचं सांगितलं. त्यांनी "अगं बाई" म्हणून पदर तोंडाला लावला. मग विचारलं, "गाडी हाय का तिथं?"

"आहे. वाघ काढलाय त्यांनी."

"काढंनात."

"पण एका जागी रंग धरत नाही. सारखा उडतो."

"कुठं?"

मी हवेत हातानं दाखवलं. पुढच्या पत्र्यावर, डावीकडे. आक्का माझ्या हाताकडे बघत राहिल्या. बरणी त्यांनी मांडीवर घेतली होती, पण उघडली नव्हती.

"तेल हाय ते," त्या म्हणाल्या. "आईचं हाय. तार आल्यावर आईला कुंकवाला हात लावून देत नव्हते. मंग ती आधी तेल चोळायची, लई चोळायची. कुंकू मी लावायची, उचलून धरायची ती मला. कुंकू निघतं. तेल न्हाई निघायचं."

थोड्या वेळानं म्हणाल्या, "मास्तरांना ठावं हुतं, रंग का बसंना ते?"

"होतं."

"आन् त्यांनी सांगितलं न्हाई?"

"नाही. विचारलं होतं पेंटरनं. काही कल्पना नाही म्हणाले."

आक्कांनी बरणी उजेडाकडे धरली, आतले तुकडे जरा हलवले.

"जायच्या आधी एकदा इकडं यायचं हुतं मास्तरांनी," त्या म्हणाल्या. "ताक दिलं असतं."